पॉलिसी रेट आणि बँकांची स्थिरता: ३१ देशांचं पॅनेल (अनेक देशांचे अनेक वर्षांचे आकडे) आहे, परिणामाची साईन (अधिक की उणे) सारखी बदलतेय, कुणी सांगेल का?

मुक्तछंद

नमस्कार मंडळी. पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. विषय थोडक्यात असा की उदयोन्मुख अर्थव्यवस्थांमध्ये मध्यवर्ती बँकेने आपला व्याजदर, म्हणजे पॉलिसी रेट, वरखाली केला की तिथल्या बँका मजबूत होतात की ठिसूळ. सिनॉप्सिस लिहिताना हे फार सरळ वाटलं होतं, कारण थिअरीत दोन्ही बाजू स्वच्छ मांडलेल्या आहेत. दर वाढला की कर्जदाराचा हप्ता वाढतो आणि कर्ज थकतं, आणि दर फार काळ खाली राहिला की बँका परताव्याच्या मागे लागून जोखमीची कर्जं वाटत सुटतात, ज्याला रिस्क-टेकिंग चॅनेल म्हणतात. मला फक्त डेटाला विचारायचं होतं की यातलं कुठलं भारी पडतं.

३१ देश, २००० ते २०२२, वार्षिक आकडे. स्थिरतेसाठी दोन मापं घेतली, एक झेड-स्कोअर, म्हणजे आरओए (मालमत्तेवरचा परतावा) आणि भांडवलाचं मालमत्तेशी प्रमाण यांची बेरीज भागिले आरओएचं स्टँडर्ड डेव्हिएशन (चढउतार किती याचं माप), तीन वर्षांच्या सरकत्या रोलिंग विंडोने, आणि दुसरं थकीत कर्जांचं प्रमाण. समीकरणाच्या उजव्या बाजूला पॉलिसी रेटचा एक वर्षाचा लॅग (आधीच्या वर्षाचा दर), जीडीपी वाढ, महागाई, चालू खात्याची तूट आणि देश व वर्ष यांचे फिक्स्ड इफेक्ट (प्रत्येक देशाचं आणि वर्षाचं स्वतःचं वेगळेपण बाजूला काढणारे घटक).

आता गंमत नाही, खरंच अडचण सांगते. दर वाढला की झेड-स्कोअर वाढतो, म्हणजे बँका सुरक्षित होतात. आणि दर वाढला की थकीत कर्जंही वाढतात, म्हणजे बँका असुरक्षित होतात. दोन्ही कोइफिशियंट (दराच्या परिणामाचे आकडे) सिग्निफिकंट, म्हणजे नुसता योगायोग वाटत नाहीत. अर्जेंटिना आणि तुर्कस्तान काढले की झेड-स्कोअरवाली साईन उलटी होते. मग कारण-परिणामाची गुंतागुंत सोडवायला सिस्टिम जीएमएम ही पद्धत लावली, त्यात ११० इन्स्ट्रुमेंट (ती गुंतागुंत सोडवायला घेतलेले आधार-आकडे) झाले, ते आधार योग्य आहेत का हे तपासणाऱ्या हॅन्सन टेस्टचा पी-व्हॅल्यू बरोबर १.०० आला, मला वाटलं चला सुटलं एकदाचं.

मग विभागात सेमिनार झाला. मागच्या बाकावरच्या एका मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "पण हा दर आला कुठून?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाईड म्हणतात अजून चार कंट्रोल (बाकीचे परिणाम वगळायला घेतलेले आकडे) टाक, होईल. मला आतून कळतंय की ते कंट्रोलचं काम नाहीये पण नेमकं काय चुकतंय हे शब्दात धरता येत नाहीये. तीन वर्षं यात गेलीत, विषय मनापासून आवडतो, टाकून द्यायचा नाहीये. कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा प्लीज.

अवशेष

त्या मॅडमचा प्रश्न भिंतीवर लिहून ठेवा, कारण या सगळ्या क्षेत्राचं गेल्या वीसपंचवीस वर्षांतलं काम त्या एका प्रश्नाभोवती फिरतंय.

आधी हॅन्सनबद्दल, कारण ते पटकन होईल. १.०० हा पी-व्हॅल्यू पास झाल्याची पावती नाही, तो धोक्याचा कंदील आहे. इन्स्ट्रुमेंट जास्त आणि देश कमी झाले की ती टेस्ट इतकी ढिली पडते की तिला काहीच पकडता येत नाही. डेव्हिड रूडमन यांचा २००९ चा पेपर नेमका यावरच आहे, जरूर वाचा. ३१ देशांवर ११० इन्स्ट्रुमेंट म्हणजे तो कोइफिशियंट साध्या फिक्स्ड इफेक्टच्या आकड्याकडेच ओढला गेलेला असतो, तुम्हाला वाटतं एंडोजिनिटी (दर आणि बँकांची तब्येत एकमेकांत गुंतलेली असणं) सुटली आणि ती तिथेच बसलेली असते.

आता मुख्य. मध्यवर्ती बँक दर वाढवते तेव्हा काहीतरी बघून वाढवते, आणि ती जे बघते तेच बँकांच्या तब्येतीवरही परिणाम करत असतं. तुमच्या पॅनेलमध्ये दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या दरवाढी एका कॉलममध्ये बसल्यात. पहिली तेजीतली. अर्थव्यवस्था जोरात आहे, कर्जवाटप वाढतंय, महागाई डोकं वर काढतेय, म्हणून दर वाढवला. त्या वर्षात बँकांचा नफा चांगला असतोच, झेड-स्कोअर वर असतोच, दराने ते केलेलं नसतं. दुसरी संकटातली. १९९७ चं थायलंड डोळ्यासमोर आणा: तिथलं चलन बाट वाचवायला दर चढवले जात होते आणि त्याच वेळी फायनान्स कंपन्या कोसळत होत्या, २ जुलैला बाट मोकळा सोडला तेव्हा डॉलरला २५ च्या आसपास होता आणि जानेवारी १९९८ मध्ये ५० च्याही पार गेला, आणि डिसेंबर १९९७ मध्ये बंद ठेवलेल्या ५८ पैकी ५६ फायनान्स कंपन्यांना कायमचं टाळं लागलं. तुमची रिग्रेशन (आकड्यांमधला संबंध मोजणारं गणित) हे बघून म्हणेल दर वाढला आणि कर्जं बुडाली, पण दर वाढला होता तोच पैसा पळत होता म्हणून.

तेजीतल्या दरवाढी झेड-स्कोअरची साईन वर ओढतात, संकटातल्या दरवाढी थकीत कर्जांची. म्हणून दोन्ही एकदम सिग्निफिकंट येतंय, आणि म्हणूनच दोन देश काढले की पारडं फिरतं. त्यात अर्जेंटिनाचा दर सप्टेंबर २०२२ मध्ये ७५ टक्क्यांवर गेला होता, बाकी बऱ्याच देशांचे त्यापेक्षा कितीतरी कमी असताना सरळ रेषेत तो एकटा देश सगळी रेषा आपल्याकडे फिरवतो. तुर्कस्तानचं उलटं, सप्टेंबर २०२१ ला १९ टक्के असलेला दर महागाई चढत असताना उतरवत नेला, नोव्हेंबर २०२२ ला ९ टक्के, आणि त्याआधीच्या महिन्यात महागाई ८५ टक्क्यांवर. तिथे दराचा आकडा धोरण कडक की सैल हे सांगतच नाही. कंट्रोल किती टाकणार?

मग उपाय काय, तर असा दर शोधायचा जो त्या देशाच्या बँकांकडे बघून ठरलेलाच नाही. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात सुंदर नमुना बोलिव्हियाचा आहे. इओआन्निदू, ओंगेना आणि पेइद्रो यांनी १९९९ ते २००३ चा तिथला क्रेडिट रजिस्टर घेतला, म्हणजे देशातल्या प्रत्येक कर्जाची नोंद. बोलिव्हियाची बँकिंग व्यवस्था त्या काळात जवळजवळ पूर्ण डॉलरवर चालायची, ठेवी डॉलरमध्ये, कर्जं डॉलरमध्ये. म्हणजे तिथल्या बँकांना लागू होणारा व्याजदर वॉशिंग्टनमध्ये ठरायचा, आणि फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, २००१ मध्ये ६.५ वरून १.७५ टक्क्यांवर दर आणला तो बोलिव्हियाकडे बघून नक्कीच नाही. मग त्यांनी बघितलं की दर उतरल्यावर नवी कर्जं कुणाला गेली. उत्तर असं निघालं की जास्त जोखमीच्या कर्जदारांना गेली, आणि त्या जोखमीच्या मानाने व्याजही कमी लावलं गेलं. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे, कारण जोखीम घेऊन तिची पुरेशी किंमत वसूल केली तर तो धंदा झाला, किंमतही वसूल केली नाही तर तो ठिसूळपणा.

तुमचा मूळ प्रश्न हाच आहे. फरक इतकाच की त्यांना दर कुठून आला ते एका वाक्यात सांगता येतं.

ताळेबंद

मी संशोधक नाही. आयुष्य बँकांच्या तपासणीत आणि ऑडिटमध्ये गेलं, आता निवृत्त आहे. वरचा प्रतिसाद दराबद्दल आहे, मला समीकरणाच्या डाव्या बाजूबद्दल, म्हणजे स्थिरतेच्या मापांबद्दल बोलायचंय, कारण तिथे मला जास्त काळजी वाटते.

मुक्तछंद, तुमचा झेड-स्कोअर बँक किती सुरक्षित आहे ते मोजतो असं तुम्ही धरून चाललाय. तो बँकेने पुस्तकात काय लिहिलंय ते मोजतो. दोन्हीत किती अंतर पडतं ते एका काल्पनिक बँकेवर बघा. आरओए १ टक्का, भांडवल ८ टक्के, आरओएचं स्टँडर्ड डेव्हिएशन ०.५, झेड-स्कोअर आला १८. आता या बँकेने वाईट कर्जं लपवायला सुरुवात केली. तरतूद केली नाही म्हणून नफा तेवढाच राहिला, उलट दर वर्षी सारखाच दिसायला लागला, स्टँडर्ड डेव्हिएशन ०.२ झालं. झेड-स्कोअर ४५. म्हणजे बँक आतून सडतेय आणि तुमच्या मापात ती अडीच पट सुरक्षित झाली. मग एक दिवस सगळं उघडं पडतं, आरओए उणे २, भांडवल ५, डेव्हिएशन १.५, आणि झेड-स्कोअर थेट २. तीन वर्षांची विंडो असेल तर हे अजूनच तीव्र होतं, कारण तीन आकड्यांवरून काढलेलं डेव्हिएशन ते काय.

लपवणं म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळत नाही म्हणून सांगतो. एक खातं माझ्या चांगलं लक्षात आहे, बँकेचं नाव घेत नाही. ९० दिवसांचा नियम, त्यापेक्षा जास्त व्याज थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत. या खात्यात ८० दिवस एक रुपया आलेला नाही, आणि मग मार्चच्या २९ तारखेला अख्खं थकलेलं व्याज जमा. आलं कुठून बघितलं तर त्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीला त्याच बँकेने २७ तारखेला नवं अल्पमुदतीचं कर्ज मंजूर केलेलं. बँकेचाच पैसा एका दारातून बाहेर गेला आणि दुसऱ्या दारातून व्याज म्हणून आत आला. पुस्तकात दोन्ही खाती स्टँडर्ड, म्हणजे नियमित, आणि बँकेचं व्याजाचं उत्पन्न वाढलेलं. सहा तिमाह्या मागे गेलो, प्रत्येक वेळी हेच. एव्हरग्रीनिंग म्हणतात ते हे.

आणि कधी कधी लपवायची गरजही नसते, नियमच तशी मुभा देतो. भारताचं घ्या. २००८ च्या जागतिक संकटानंतर कर्जाची पुनर्रचना केली तरी खातं स्टँडर्ड दाखवायची सवलत मिळाली, ती १ एप्रिल २०१५ पासून मोठ्या प्रमाणात बंद झाली, त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने अॅसेट क्वालिटी रिव्ह्यू (बँकांच्या कर्जांच्या दर्जाची तपासणी) केला आणि सांगितलं की ही ही खाती एनपीए दाखवा. मार्च २०१५ ला ढोबळ एनपीए ४ टक्क्यांच्या थोडं वर होतं, मार्च २०१८ ला ११ टक्क्यांच्या वर. आता याच काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा पॉलिसी रेट, बघा, २०१५ च्या सुरुवातीला ८ टक्के होता तो ऑगस्ट २०१७ पर्यंत ६ वर आला. तुमच्या पॅनेलमध्ये ही ओळ कशी वाचली जाईल? दर उतरला आणि लगेच कर्जं बुडाली. पण ती कर्जं वाटली गेली होती २००६ ते २०११-१२ या काळात, रस्ते, वीज, पोलाद यांच्या तेजीत. एनपीएचा आकडा कर्ज बिघडलं केव्हा ते सांगत नाही, ते कबूल केलं केव्हा ते सांगतो. आणि कबुली कधी द्यायची हे बरेचदा नियामक ठरवतो, देशागणिक वेगळं ठरवतो. वर्षाच्या फिक्स्ड इफेक्टने हे जात नाही, कारण प्रत्येक देशाचं कबुलीचं वर्ष वेगळं.

एवढं मात्र करा, प्रत्येक देशाची एनपीएची व्याख्या कोणत्या वर्षी बदलली याची एक वही करा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरा_किनारा

वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले, पण एका गोष्टीला माझा विरोध आहे आणि तो नोंदवतो. हल्ली असं वातावरण झालंय की क्रेडिट रजिस्टर नसेल तर बोलूच नका, आणि अनेक देशांचं पॅनेल म्हणजे मागासलेपण. मला हे पटत नाही.

कामिन्स्की आणि राइनहार्ट यांचा १९९९ चा जुळ्या संकटांवरचा पेपर घ्या. २० देश, १९७० ते १९९५, २६ बँकिंग संकटं आणि ७६ चलन संकटं. आजच्या निकषावर कुणी म्हणेल यात आयडेंटिफिकेशन (कारण आणि परिणाम वेगळे दाखवणं) कुठाय. पण त्यांनी क्रम दाखवला, की साधारणपणे बँकांची दुखणी आधी सुरू होतात, मग चलन कोसळतं, आणि चलन कोसळल्यामुळे बँका अजून खोल जातात. आणि २६ पैकी १८ बँकिंग संकटांच्या आधीच्या पाच वर्षांत वित्तीय क्षेत्र मोकळं केलं गेलं होतं. हे कुठल्याही एका देशाच्या रजिस्टरमध्ये दिसलं नसतं. तसंच गूरिंशा आणि ऑब्स्टफेल्ड यांचं २०१२ चं काम, देशांतर्गत कर्जाची झपाट्याने वाढ आणि चलनाचं खरं मूल्य चढणं या दोन गोष्टी संकटाआधी वारंवार दिसतात, आणि उदयोन्मुख देशांकडे परकीय गंगाजळी जास्त असेल तर संकटाची शक्यता कमी होते. धोरण ठरवणाऱ्याला याचा उपयोग आहे.

उलट रजिस्टरवाल्या पद्धतीची एक मर्यादा लोक सांगत नाहीत. त्या पद्धतीचा पाया घातला तो ख्वाजा आणि मियान यांच्या २००८ च्या पाकिस्तानवरच्या पेपरने. मे १९९८ मध्ये अणुचाचण्या झाल्या, सरकारने परकीय चलनातली खाती गोठवली, ज्या बँकांकडे डॉलर ठेवी जास्त होत्या त्यांची रोकड जास्त आटली. त्यांनी एकाच कंपनीचं दोन बँकांतलं कर्ज समोरासमोर ठेवलं. कंपनी तीच, तिची कर्जाची गरज तीच, तरी ज्या बँकेची रोकड १ टक्क्याने जास्त घटली तिथलं कर्ज आणखी ०.६ टक्क्याने घटलं. मागणी आणि पुरवठा वेगळे करायची ही युक्ती खरोखर अस्सल आहे. पण त्याच पेपरमध्ये पुढे आहे की मोठ्या कंपन्यांनी दुसऱ्या बँकांकडून ती कसर भरून काढली, छोट्यांना ते जमलं नाही. म्हणजे ०.६ हा आकडा बँक विरुद्ध बँक आहे, देशातलं एकूण कर्ज किती घटलं ते तो सांगत नाही. फर्म गुणिले काळ असा फिक्स्ड इफेक्ट टाकला, म्हणजे प्रत्येक कंपनीची त्या त्या वेळची स्थिती वगळली, की एकूण परिणाम त्याच्यासोबत वाहून जातो. आणि स्थिरता ही तर एकूणाचीच गोष्ट आहे ना, एका बँकेने दुसरीपेक्षा कमी कर्ज दिलं याला कुणी संकट म्हणत नाही.

अजून एक. तुमच्या ३१ पैकी बऱ्याच देशांत स्थानिक पॉलिसी रेटपेक्षा डॉलर मोठा खेळाडू आहे. एलेन रे यांनी २०१३ मध्ये जॅक्सन होलला मांडलं की भांडवल मोकळं सोडलं तर चलन तरंगतं ठेवूनही स्वतंत्र चलनधोरण हातात राहत नाही, कारण जगभरचं कर्ज आणि भांडवल एका जागतिक लाटेबरोबर वरखाली होतं. ब्रुनो आणि शिन यांनी त्याची यंत्रणा दाखवली: डॉलर स्वस्त झाला, स्थानिक चलन चढलं, डॉलरमध्ये कर्ज असलेल्या कंपनीचा ताळेबंद बसल्या जागी सुधारला, बँकेला तीच कंपनी आता कमी जोखमीची दिसते, म्हणून बँक अजून देते. मग लाट उलटली की हेच सगळं उलट्या दिशेने, आणि खूप वेगाने. अशा देशात मध्यवर्ती बँकेने दर वाढवला तर बाहेरचा पैसा आणखी ओढला जाऊन कर्ज वाढूही शकतं. त्यामुळे एका साईनचा हट्टच सोडावा लागेल. पॅनेल टाकून देऊ नका असं माझं म्हणणं, पण त्याला प्रश्न दुसरा विचारा: बाहेरचा धक्का सगळ्यांना एकच, मग काही देशांच्या बँका त्यात जास्त का हलतात?

मुक्तछंद

तुम्हा तिघांचे प्रतिसाद काल रात्री दोनदा वाचले, मग सकाळी कागदावर उतरवून काढले. अवशेष, तेजीतली आणि संकटातली दरवाढ हे वाचल्यावर मी लगेच डेटा उघडला आणि सगळ्या मोठ्या दरवाढींपुढे हाताने लिहीत गेले की ही कसली. साठेक झाल्यावर चित्र दिसायला लागलं, खरंच दोन वेगळे ढीग आहेत. ताळेबंद काका, तुम्हाला काका म्हटलं तर चालेल ना, तुमच्या ४५ च्या उदाहरणाने पोटात गोळा आला, कारण माझ्या डेटात सगळ्यात जास्त झेड-स्कोअर असलेल्या वर्षांपैकी कित्येक वर्षं संकटाच्या लगेच आधीची आहेत आणि मी त्याला आउटलायर म्हणून काढून टाकत होते.

पण क्रेडिट रजिस्टर मला मिळणार नाही. ते मध्यवर्ती बँकांच्या आत असतं आणि आत काम करणाऱ्या लोकांबरोबरच हे पेपर लिहिले जातात. माझ्याकडे बँकांचे प्रसिद्ध होणारे तिमाही निकाल आहेत, एवढंच. एवढ्यावर काही प्रामाणिक काम होऊ शकतं का?

अवशेष

होतं. रजिस्टर नसेल तर प्रश्न लहान करायचा आणि धक्का नेमका निवडायचा.

एक सुचवतो. २२ मे २०१३ ला फेडचे तेव्हाचे अध्यक्ष बर्नान्की अमेरिकन काँग्रेससमोर म्हणाले की रोखे खरेदी पुढे कमी होऊ शकते, आणि उदयोन्मुख देशांतून पैसा निघायला लागला. आयकनग्रीन आणि पूनम गुप्ता यांनी दाखवलंय की या धक्क्यात ज्या देशांचे वित्तीय बाजार मोठे आणि जिथून पैसा सहज काढता येतो ते जास्त हलले, आणि मूलभूत आकडे चांगले असण्याने फारसं संरक्षण मिळालं नाही. आता त्यातला एकच देश घ्या, भारतच घ्या कारण तिमाही आकडे तुम्हाला मिळतात. रुपया घसरतोय म्हणून रिझर्व्ह बँकेने १५ जुलै २०१३ ला मार्जिनल स्टँडिंग फॅसिलिटीचा (बँकांना तातडीची उसनवारी देणाऱ्या सोयीचा) दर एका झटक्यात ८.२५ वरून १०.२५ केला आणि रेपोतून मिळणाऱ्या पैशावर मर्यादा घातली. रेपो दर मात्र ७.२५ वरच. तुमच्या वार्षिक पॅनेलमध्ये ही दरवाढ दिसणारच नाही! पॉलिसी रेटच्या कॉलममध्ये काहीच घडलं नाही, आणि बाजारात अल्पमुदतीचा पैसा दोन दिवसांत महाग झाला.

आता मॅडमच्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर आहे. दर आला रुपया वाचवायला, आणि त्याचं मूळ बर्नान्कींच्या वाक्यात. कोणत्या बँकेकडे थकीत कर्ज किती हे बघून तो आला नाही.

पुढची पायरी, सगळ्या बँकांना तो सारखा लागला नाही. ज्या बँका बचत आणि चालू खात्यांवर चालतात त्यांना कमी झळ, ज्या घाऊक ठेवी आणि बाजारातल्या उसनवारीवर चालतात त्यांना जास्त. तर मार्च २०१३ च्या ताळेबंदावरून, म्हणजे धक्क्याच्या आधीचं, प्रत्येक बँकेचं घाऊक निधीचं प्रमाण काढा आणि ते गोठवा, नंतरचे आकडे त्यात मिसळू नका. मग जुलैनंतर जास्त झळ लागलेल्यांचं काय झालं आणि कमी लागलेल्यांचं काय झालं ते बघा. पण आधी २०११ पासूनच्या तिमाह्यांचा साधा आलेख काढा, धक्क्याआधी दोन्ही गट समांतर चालत होते का. नसतील तर रिग्रेशन लावायच्या भानगडीत पडू नका. सार्वजनिक आणि खासगी बँका वेगळ्या ठेवा, मालकीच घाऊक निधीशी जोडलेली असते आणि मग तुम्ही मालकीचा परिणाम निधीच्या नावावर वाचाल.

तिसरा किनारा म्हणतात ते मला मान्य आहे, यातून देशाचा एकूण परिणाम निघणार नाही. ते प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात करा. तिथे स्थानिक दर सोडून द्या, फेडच्या बैठकीच्या आसपासच्या अर्ध्या तासात व्याजदर वायद्यांमध्ये जी अचानक हालचाल होते ती धक्का म्हणून घ्या, आणि ती देशाच्या बँकांच्या परकीय चलनातल्या देण्यांशी गुणा. ३१ देशच आहेत म्हणून स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) नेहमीच्या देशागणिक क्लस्टरवर सोडू नका, वाइल्ड बूटस्ट्रॅप (आकडे पुन्हा पुन्हा बदलून ती अनिश्चितता मोजायची पद्धत) करा.

ताळेबंद

काका म्हणा, चालेल.

अवशेष यांची योजना चांगली आहे पण २०१३ वापरणार असाल तर एक खड्डा दाखवून ठेवतो. जुलैत दर चढल्यावर सरकारी रोख्यांच्या किमती पडल्या, आणि बँकांकडे वैधानिक तरलतेपोटी (नियमाने ठेवावाच लागणारा भाग) रोख्यांचा मोठा साठा असतो, त्यामुळे जे रोखे बाजारभावाने मोजायचे त्यावर तोटा दिसायला हवा होता. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१३ मध्ये सवलत दिली, वैधानिक तरलतेचे रोखे एका मर्यादेपर्यंत मुदतपूर्तीपर्यंत ठेवायच्या वर्गात हलवायची मुभा, म्हणजे एचटीएम, आणि तिथे बाजारभावाने मोजावं लागत नाही. राहिलेला तोटाही टप्प्याटप्प्याने दाखवायची सोय होती. त्यामुळे सप्टेंबर तिमाहीचा नफा बघून कुणाला झळ लागली ते ठरवू नका, जिला सगळ्यात जास्त लागली तिनेच सगळ्यात जास्त रोखे हलवले असू शकतात आणि तिचाच नफा शांत दिसेल.

दोन गोष्टी करता येतील. नफ्याऐवजी कर्जवाटपाची वाढ बघा, ती लपवायला कठीण. आणि वार्षिक अहवालाच्या जोडपत्रात गुंतवणुकीचं वर्गीकरण छापलेलं असतं, मार्च २०१३ आणि मार्च २०१४ दोन्ही घ्या आणि एचटीएममध्ये किती वाढलं ते बँकेगणिक काढा. तो कॉलम तुमच्यासाठी नुसता कंट्रोल नाही, झळ किती लागली याचा तो स्वतःच एक पुरावा आहे. आकडे टेबलात मिळाले नाहीत तर शेवटच्या टिपांमध्ये शोधा, बरेचदा तिथे बारीक अक्षरात असतात.

मुक्तछंद

काका, हे कुठल्याच पेपरमध्ये मला सापडलं नसतं, मनापासून आभार.

आजच बसले होते. अकरा बँकांचे २०१३ आणि २०१४ चे अहवाल उतरवून झाले. नऊंमध्ये एचटीएमचा आकडा जोडपत्रातच आहे, दोन बँकांनी तो फक्त टिपांमध्ये दिलाय आणि त्यातल्या एकीत सवलतीखाली किती रोखे हलवले तेही वेगळं लिहिलंय. घाऊक निधीचं प्रमाण काढताना मात्र अडले: मोठ्या रकमेच्या मुदत ठेवी घाऊक धरायच्या की ठेवी धरायच्या? काही बँका सगळ्यात मोठ्या वीस ठेवीदारांचं प्रमाण छापतात, ते वापरलं तर चालेल का? अवशेष, सवडीने सांगा, तोपर्यंत उरलेले अहवाल उतरवते.

अवशेष

वीस ठेवीदारांचं प्रमाण वापरा, उत्तम माप आहे, कारण ते बँकेने स्वतः छापलंय आणि घाऊक ठेवीची व्याख्या ठरवायची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. त्याच्या शेजारी उसनवारीचं एकूण देण्यांशी असलेलं प्रमाण ठेवा आणि निकाल दोन्हींवर वेगवेगळे दाखवा. फक्त मार्च २०१३ चंच घ्या. आलेख तयार झाला की इथेच टाका, रिग्रेशनच्या आधी बघू.